मागच्या ओळीतलं झाड

लक्ष्मीनं दुकानदारानं पुढं केलेली वस्तू उभ्या जन्मात घेतली नाही. वांगी असोत, मडकं असो, नाहीतर झाडू असो. दुकानदार समोरची वस्तू उचलून द्यायचा अन् ही ती बाजूला सारून म्हणायची, "हे नको. मागचं दे." तिचं म्हणणं असं, की पुढं मांडतात ती खपवायची वस्तू, अन् चांगली असते ती मागं दडवून ठेवतात. देगलूरच्या बाजारात ती दिसली की कुंभार त्याच्या बायकोला हाक मारायचा, "आली बग तेलंगीण, मागची उतरंड मोकळी कर." देवळात पुजाऱ्यानं पुढचा पेढा दिला तर हिनं हात मागं घेतला होता. पुजारी हसला अन् मागचा दिला. मला मात्र लई शरम वाटली.

एकदा मी विचारलं, "एवढं सगळं पारखून घेती, मग मला कसं घेतलं?"

"तुम्हाला म्या कुठं घेतलं? बापानं घेतलं. पैला दाखवला तोच घेतला. म्या असते तर मागचा बघितला असता."

अशी होती माझी बायको. गेल्या आषाढात गेली. मी चौथी पास माणूस, लिहिणं माझं काम नाही. पण घरात बोलायला कुणी उरलं नाही, पोरगा अन् सून पुण्याला. भिंतीशी बोलण्यापेक्षा कागदाशी बोललेलं बरं.

लक्ष्मीचं माहेर मदनूरच्या बाजूला, हद्दीपल्याड. आमच्या गावापासून सायकलीवर जाण्याइतकं जवळ, पण राज्य दुसरं अन् बोली दुसरी. ती आली तेव्हा तिला मराठी अर्धं यायचं, पण भांडायला पुरायचं. रागाला आली की तेलुगूत सुरू व्हायची अन् मला एक अक्षर कळायचं नाही. मी खाली मान घालून भाकर खायचो. आमचा संसार त्यामुळंच टिकला, असं मला वाटतं.

आमच्या शेताच्या बांधावर तरवड लई. पिवळ्या फुलांचं झुडूप, न लावता येतं, ढोरं तोंड लावत नाहीत. आमच्यात त्याला कुणी विचारत नाही. लक्ष्मी पहिल्यांदा शेतात आली अन् भाकरीचं टोपलं डोक्यावर तसंच ठेवून बांधाशी उभी राहिली. मी म्हणलं, "काय झालं? साप हाय का?"

"तंगेडू," ती म्हणली. "हे आमच्याकडचं माणूस हाय."

त्यांच्याकडं भादव्याच्या आवसेला बतकम्मा बसते. ताटात भोपळ्याचं पान, त्यावर फुलांच्या ओळी गोल गोल रचत वर न्यायच्या. खाली तरवड, मधी कुरडूचे तुरे, झेंडू, अन् शेंड्याला हळदीची गौरी. फुलांचं देऊळच म्हणा. मग बायका त्याभोवती टाळ्या वाजवत फिरतात, गाणी म्हणतात, अन् शेवटी ते पाण्यात सोडतात. दर वर्षी ह्या आवसेला तिचा भाऊ पोशेट्टी तिला माहेरी न्यायला यायचा. पण पहिल्या वर्षी तिच्या माहेरी सुतक होतं, म्हणून ती इकडंच राहिली. तिनं आमच्या अंगणात बतकम्मा रचली. भोवती फिरायला कुणी नव्हतं. एकटीच टाळ्या वाजवत फिरली. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

माझी चुलती तेव्हा जिती होती. आमच्याकडं आवसेच्या दुसऱ्या दिवशी देवीचे घट बसतात. चुलतीला वाटलं, सुनेनं एक दिवस आधीच घट बसवला. खुळी आहे, शिकेल, म्हणून तिनं बिचारीनं येऊन हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, हात जोडले. तोवर लक्ष्मीनं ताट उचललं अन् चालली तळ्याकडं. चुलती मागं मागं. हिनं ताट पाण्यावर सोडलं मात्र, चुलतीनं बोंबच ठोकली, "बसवला न्हाई तोच घट बुडवला! भवाने, घराचं वाटोळं केलं!" अन् लुगड्यानिशी पाण्यात उतरली. कमरेएवढ्या पाण्यातून ते फुलांचं देऊळ डोक्यावर घेऊन बाहेर आली, गळ्यात तरवड अन् कानावर झेंडू. लक्ष्मी काठावर बसून हसून हसून लोळत होती. चुलतीनं ते देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं अन् नऊ दिवस त्याला पाणी घातलं. फुलं कुजली, घरभर वास सुटला, तरी दसऱ्यापर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

पुढं चुलतीच दर वर्षी भादव्यात विचारायची, "लक्ष्मे, तुझी ती बुडवायची देवी कधी हाय गं?" अन् टाळ्या वाजवायला पुढं. मग गल्लीतल्या बायकाही यायला लागल्या. पोशेट्टीचंही ठरून गेलं. तो सकाळी यायचा, आमच्या बांधावरचा तरवड कापून भारा बांधायचा, दुपारी आमच्या अंगणात एक बतकम्मा होऊ द्यायचा अन् मग बहिणीला घेऊन जायचा. मी म्हणायचो, "पोशेट्टी, तुमच्याकडं तरवड न्हाई का रे?"

"हाय की बावा. पण अक्काच्या बांधाचा गोड लागतो."

बावा म्हणजे बहिणीचा नवरा. तरवड काय खायचा असतो का? पण त्याचं बोलणं तसंच.

पल्याड नवं राज्य झालं, तेव्हाची गोष्ट. पोशेट्टीचा फोन आला. लक्ष्मी फोनवर तेलुगूत किंचाळायला लागली. मला वाटलं कुणी गेलं. फोन ठेवून ती अंगणात आली, पदर खोचला अन् म्हणली, "आमचं तंगेडू राज्याचं फूल झालं. सरकारनं केलं."

मी म्हणलं, "सरकारनं केलं? मग आता मिळायचं बंद."

तिनं मनावर घेतलं नाही. गावभर सांगून आली. किराणावाल्याला, पिठाच्या गिरणीत, दवाखान्याच्या पायरीवर. "तुमी ज्याला ढोरं पण खात न्हाईत म्हणता, ते आता राजा हाय." संध्याकाळी माझ्यापुढं येऊन बसली.

"तुमचं कोणतं?"

"काय कोणतं?"

"तुमच्या राज्याचं फूल."

मला माहीत नव्हतं. तलाठ्याला विचारलं, तो म्हणला झेंडू असेल. सरपंच म्हणला कमळ, मग ते पक्षाचं चिन्ह हाय हे आठवून तो निघून गेला. शेवटी लक्ष्मीच शाळेत गेली. शाळेच्या भिंतीवर राज्याची चित्रं काढलेली, खार, पाखरू, आंब्याचं झाड, अन् एक जांभळं फूल. खाली नाव, ताम्हण. बाईंनी सांगितलं, हे महाराष्ट्राचं फूल, वैशाखात फुलतं, कोकणात अन् विदर्भात रानात आपोआप येतं. आमच्या गावात कुणी जन्मात पाहिलेलं नाही. मी तर देवापुढचं ताम्हण तेवढं पाहिलेलं.

लक्ष्मीला हे सहन होईना. "आमचं फूल तुमच्या बांधावर फुकट येऊन राहिलं, अन् तुमचं फूल तुमच्याच दारात न्हाई? लाज वाटत न्हाई?"

"मला कशाची लाज? मी सरकार हाय का?"

"आणू आपण. अन् एकदा तरी तुमचं फूल माझ्या बतकम्मात बसवीन. मग बघू कोण कुणाला हसतं."

मी म्हणलं, तुझी बतकम्मा भादव्यात अन् हे फुलतं वैशाखात, कसं बसवशील? ती म्हणली, "वैशाखात बतकम्मा करीन. गौरी काय क्यालेंडर बघून येती का?"

झालं, तिच्या डोक्यात बसलं ते बसलं. नांदेडला पाहुण्याच्या लग्नाला गेलो, तिथून ती मला रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेत घेऊन गेली. ताम्हण हाय का विचारलं. माणूस म्हणला हाय, अन् समोरच्या ओळीतलं एक रोप उचलून दिलं. बारीक, दोन पानं पिवळी. लक्ष्मीनं ते खाली ठेवलं.

"हे नको. मागचं दे."

"आजी, मागचं—"

"मला शिकवू नको. ते बघ कसं टवटवीत हाय." तिनं स्वतः दोन ओळी ओलांडल्या अन् मागचं उचललं. तो माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला होता, त्याला हैराण करून काय करायचं म्हणून मीच तिला चल म्हणलं. बसमधे तिनं रोप मांडीवर घेतलं, अन् मला पिशव्या धरून उभं राहावं लागलं.

अंगणात धुण्याच्या दगडापाशी लावलं. अंघोळीचं पाणी त्याला, तांदूळ धुतलेलं पाणी त्याला. उन्हाळ्यात मला तांब्यानं अंघोळ, त्याला बादली. मी म्हणायचो, मीही महाराष्ट्राचाच हाय, मला पण घाल. मूठभर माती रोज त्याच्या बुडाशी. पोरगा लहान होता तेव्हा त्याचं एवढं केलं नव्हतं तिनं. झाड पण इमानी, चढत गेलं. माझ्या डोक्यावर गेलं, मग छपरावर गेलं. गावातले लोक येऊन बघायचे. शाळेच्या बाई एक मेच्या झेंडावंदनानंतर पोरांना घेऊन आल्या अन् झाडाखाली उभं करून माहिती सांगितली. लक्ष्मीनं सगळ्यांना गूळशेंगदाणे वाटले.

गल्लीतून सिमेंटचा रस्ता आला तेव्हा झाड मधे येत होतं. ठेकेदाराचा माणूस कुऱ्हाड घेऊनच आला. लक्ष्मी झाडाला पाठ लावून उभी. सरपंच आला. म्हणला, "वहिनी, एका झाडासाठी काय अडवून बसल्या?"

"तोडा की. महाराष्ट्राचं झाड हाय. तुमी महाराष्ट्रात न्हाई का? मी तर पल्याडची. माझं काय जातं?"

सरपंचाला चारचौघांत हे लागलं. त्यानं रस्ता हातभर वाकडा करायला लावला. आजही आमच्या दारापाशी तो रस्ता पोट ओढून घेतल्यावानी वळतो, फटफटीवाले तिथं शिव्या देतात.

मग एका उन्हाळ्यात झाडाला तुरे आले. बारीक, फिके, पिवळसर. गल्ली गोळा झाली. मी वर बघितलं, शाळेच्या भिंतीवरचं चित्र आठवलं अन् म्हणलं, "चित्रात तर जांभळं हाय."

"ह्या कळ्या हायत."

तुरे गळून गेले. जांभळं काही आलं नाही. लक्ष्मी म्हणली, "पैल्या वर्षी लेकरू तरी कुठं नीट बोलतं?" दुसऱ्या वर्षीही तसंच. लोक विचारायचे, "वैनी, ताम्हण कधी फुलणार?" ती ठासून सांगायची, "फुलल." म्हणजे फुलेलच. त्या एका शब्दापुढं कुणाचं काही चालायचं नाही.

मागल्या वैशाखात तिचं पोट दुखायचं थांबेना, म्हणून नांदेडला दवाखान्यात ठेवलं. तपासण्या झाल्या. दुपारचं ऊन उतरल्यावर ती म्हणली, आत जीव घाबरा होतो, बाहेर चला. मी तिला धरून फाटकाबाहेर आणलं. रस्त्याच्या कडेला झाडांची रांग होती अन् सगळी जांभळी. फांद्यांच्या शेंड्याला घोसच्या घोस. खाली पाकळ्यांचा सडा. ती बघतच राहिली.

"हे कशाचं हाय?"

एका बुंध्याला पत्र्याची पाटी ठोकलेली. चष्मा नव्हता म्हणून मी जवळ गेलो अन् अक्षर लावून लावून वाचलं. "ताम्हण."

"परत वाचा."

"ताम्हण. राज्यफूल."

तिनं खालची फांदी ओढली, एक पान हातात घेतलं. फूल नाही, पान. उलटं केलं, बुडाशी बोट फिरवलं, परत सुलटं केलं. मग माझ्याकडं बघितलं. "आपल्या झाडाच्या पानाला देठापाशी दोन बारीक गाठी हायत. ह्याला न्हाईत."

मला वाटलं आता ती रडेल. एवढी वर्षं पाणी घातलं, रस्ता वाकवला, गावाला तोंड दिलं. ती कट्ट्यावर बसली अन् पोट धरून हसायला लागली. दुखत होतं तरी हसत होती. "आवो, म्या मागचं घेतलं ना! मागच्या ओळीत दुसरंच होतं. पुढचं रोगट होतं तेच खरं होतं."

"मग आपल्या दारात काय हाय?"

"मला काय म्हाईत? पण टवटवीत हाय की."

अन् लगेच पदर पसरला अन् पडलेली फुलं वेचायला लागली. मी म्हणलं, तुला वाकू नको सांगितलंय. ती म्हणली, मग तुमी वाका. मी वेचली. रस्त्यानं जाणारे बघत होते, म्हातारा फुलं वेचतोय, बघू द्या.

वार्डात आल्यावर तिनं जेवणाचं स्टीलचं ताट घेतलं अन् खाटेवरच रचायला बसली. ती फुलं पातळ, चुरगळलेल्या झिरमिळ्या कागदावानी. तरवडावानी ताठ राहीनात. तिनं तोंड वाकडं केलं. "तुमचं फूल दिसाया देखणं, पण उभं राहायला नको म्हणतं. तुमच्यावानीच." कडेला पानांचे देठ खोचून खोचून तिनं ते उभं केलं. शेजारच्या खाटेवर हदगावची एक बाई होती, तिच्याकडं दुधात घालायची हळद होती. त्या हळदीची गौरी केली. समोरच्या खाटेवरची बाई नायगावची. दोघींनी विचारलं हे काय, हिनं सांगितलं. बसल्या बसल्याच टाळ्या सुरू झाल्या. लक्ष्मी हळू आवाजात गात होती अन् त्या दोघींना तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं, तरी ओळीचा शेवट बरोबर उचलत होत्या.

सिस्टर आली. "आजी, हे काय चाललंय?"

"तुमच्या राज्याचं फूल बसवून राहिले."

"माझ्या? मग तुमचं राज्य कोणतं?"

"माझं झालं आधीच. दर वर्षी होतं. ह्यांचं राहिलं होतं."

तिनं माझ्याकडं बोट केलं. सिस्टर म्हणली, लवकर आवरा, मोठे डॉक्टर येतील. पण जाताना तिनंही दोन टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं मला बाहेर बोलावलं अन् घरी न्या म्हणून सांगितलं. कशासाठी न्या, ते मी समजलो. आत आलो तर लक्ष्मी सामान बांधून बसली होती, ताट मांडीवर. फुलं सुकून काळी पडत आलेली. एवढंच म्हणली, "रिक्षावाल्याला गोदावरीवर घ्यायला सांगा. हे बुडवायचंय."

घरी आणल्यावर पुढं काय झालं ते मी लिहीत नाही. ते सगळ्यांच्या घरी तसंच होतं.

भादव्याच्या आवसेला पोशेट्टी आला. मी त्याला फोन केला नव्हता अन् त्यानंही केला नव्हता. सकाळी नेहमीच्या वेळेला फाटकात उभा, हातात विळा. आम्ही दोघं बांधावर गेलो. तरवड असा फुलला होता की डोळ्याला त्रास होत होता. त्यानं भारा बांधला. अंगणात येऊन झाडाखाली बसला. मी चहा केला, तो खारट झाला की काय, पण पोशेट्टी प्याला. गल्लीतल्या बायका आल्या, त्यांनी आपापल्या हातानं बतकम्मा रचली. वाकडी झाली, पण उभी राहिली. बायका फिरत होत्या अन् आम्ही दोघं मेव्हणे-भावजी धुण्याच्या दगडावर बसून बघत होतो.

पोशेट्टीनं वर झाडाकडं बघितलं. "बावा, अक्का म्हणायची हे फुलणार. फुललं का?"

मी जन्मभर तोंडावर बोललेला माणूस. सरपंचाला चोर म्हणलं, पोराला आळशी म्हणलं, लक्ष्मीला तर काय काय म्हणलं. त्या झाडाचं एक पान मी देगलूरला नेऊन जडीबुटीवाल्याला दाखवलेलं. त्यानं एका नजरेत सांगितलं, अर्जुन. चांगलं झाड आहे, साल काढ्याला चालते. आता आमच्या गल्लीतून गटार काढायची म्हणतात. सरपंच नवा आहे. तो परवा येऊन मोजमाप करून गेला अन् जाताना म्हणला, "काका, हे राज्याचं झाड आहे म्हणून थांबलोय. एकदा फुललेलं दाखवा म्हणजे वर लिहून देतो." मी त्याला तेच म्हणलो, जे आवसेला पोशेट्टीला म्हणलो होतो.

"फुलल."

माझ्या गावाचं नाव मी वर लिहिलं नाही, ते ह्याच्यासाठी. ज्याला ओळखू येईल त्यानं मेहरबानी करून तोंड बंद ठेवावं. तिनं मला गोदावरीच्या घाटावर तेवढं एकच मागितलं होतं, "गावात सांगू नका. तोडून टाकतील. त्यानं बिचाऱ्यानं काय केलं?"

त्या दिवशी घाटावर पाणी कमी होतं, पायऱ्या उघड्या पडलेल्या. मी तिला दंडाला धरून खाली उतरवलं. शेवटच्या पायरीवर द्रोणातले दिवे विकणारी एक बाई बसली होती. ती म्हणली, "फुलं सोडून राहिले तर दिवा पण सोडा, मावशी." लक्ष्मीला उभं राहवत नव्हतं. तिचं वजन सगळं माझ्या हातावर होतं अन् ते किती हलकं झालंय हे मला तेव्हा कळत होतं. त्या बाईनं टोपलीतला पुढचा द्रोण उचलून तिच्यापुढं धरला.

लक्ष्मीनं द्रोणाकडं बघितलं. मग टोपलीत बघितलं. एका हातानं ताट पोटाशी धरून ती वाकली अन् दुसरा हात पार टोपलीच्या पल्याड नेला.

"हे नको, बाई. मागचं दे."